पाणीवाल्यांचा गूळ

लोटननानांनी हातात घेतलेला उंदीर झोपतो. ही बढाई नाही, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. धुळ्याच्या आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयात पीएचडी झालेले सात जण आहेत, मला धरून. आमच्यापैकी कोणीही पिंजऱ्यात हात घातला तर पांढरा उंदीर कोपऱ्यात दबून बसतो, नाहीतर सरळ बोटाला चावतो. मला तीनदा चावलाय. नानांना एकतीस वर्षांत एकदाही नाही.

नाना म्हणजे लोटन जीवराम, आमच्या उंदीरखोलीचे परिचर. कागदोपत्री तिला प्राणीगृह म्हणतात, पण तसं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. गाव शिंदखेड्याजवळ, शिक्षण चौथी, वडील बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचे. कॉलेज दोन पत्र्याच्या शेडमध्ये भरत होतं तेव्हा नाना रखवालदार म्हणून लागले आणि एक दिवस उंदीर सांभाळणारा माणूस आला नाही म्हणून आत गेले, ते गेलेच. अठ्ठावन्नला निवृत्त झाले. त्यांच्या जागी जो आला त्यानं जाड हातमोजे घालून उंदीर शेपटीनं उचलायला सुरुवात केली, आणि पंधरा दिवसांत सगळे उंदीर चावरे झाले. मग नानांना परत बोलावलं. तेव्हापासून दरवर्षी त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळत होती.

त्यांची कामाची पद्धत मी बरीच वर्षं नुसती बघत आले. खोलीत शिरले की आधी पंखा बंद करायचा. अंगावरचा सदरा काढून खिळ्यावरचा खाकी सदरा चढवायचा, का तर रोज एकच वास यायला हवा. अंगाला वासाचा साबण नाही, तोंडात तंबाखू नाही. पिंजरा उघडला की उंदराला हात लावायचाच नाही. हात नुसता खाली पसरलेल्या भाताच्या तुसावर उपडा ठेवून थांबायचं. उंदीर येतो, हुंगतो, बोटावरून चालतो, आणि मग नाना पोटाखाली तळवा सरकवून त्याला वर घेतात. एका उंदरामागे तीन-चार मिनिटं जातात. मी एकदा म्हटलं होतं, "नाना, जरा हात चालवा." ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हात चालाडा का उंदीर पळस, मॅडम."

माझं नाव चेलना. अमळनेरच्या किराणा दुकानदार दलिचंद शेठची मुलगी, रोज एसटीनं धुळ्याला येणारी. आमच्या घरात मुंगीलाही वाट करून देतात आणि मी मात्र पोटासाठी उंदरांवर औषधं तपासते. माझी आई, प्रेमकुंवर, हे वीस वर्षं सोसते आहे. संध्याकाळी घरी आले की आधी न्हाणीघर, मग बाकीचं घर. कधीकधी हळूच विचारते, "आज किती जीव?" मी आकडा सांगत नाही. दुसरं म्हणजे माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पुढे तो कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझ्या हाताखाली मयुरी पीएचडीला होती. रावेरकडची, केळी पिकवणाऱ्या घरातली. तिच्या घराण्यात कॉलेजात नोकरी केलेलं कोणी नव्हतं, वडील लीलाधरभाऊ दर महिन्याला केळीचा घड घेऊन येत आणि माझ्या टेबलाशी उभ्याउभ्याच विचारत, "मॅडम, पोरगी बरोबर चाललीय ना?" पोरगी बरोबरच चालली होती. तिचा विषय होता दुखणं.

दुखणं थांबवायला माणसाला सापडलेलं जुनं आणि जालीम औषध अफूतून येतं, मॉर्फिन. शरीरात त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन तिथे जाऊन बसलं की वेदना थांबते. पण ते सगळीकडेच बसत सुटतं, मग श्वास मंदावतो, पोट बंद पडतं, सवय लागते. मयुरीनं दोन वर्षं खपून एक नवा पदार्थ घडवला होता. तो निवडून एकाच जातीच्या जागेवर बसावा, वेदना तेवढी थांबवावी आणि बाकीच्या कारभारात पडू नये, अशी तिची खटपट. सोळा वेळा फसला, सतराव्यांदा जमला. म्हणून त्याचं नावच सतरावं पडलं.

नानांना तिनं हे त्यांच्याच चाव्यांच्या जुडग्यावरून समजावलं होतं. "नाना, ही मोठी चावी तिन्ही दारांना चालते ना? मला अशी हवी, जी एकाच दाराला लागेल." नानांनी जुडगा हातात फिरवला आणि म्हणाले, "बेस शे. मोठी चावी हारपनी का बठ्ठं घर उघडं." मोठी चावी हरवली की सगळं घर उघडं, मयुरीनं वहीत लिहून घेतलं. मी दहा वर्षं हा विषय शिकवते, इतक्या कमी शब्दांत मला तो कधी सांगता आलेला नाही.

तपासायची रीत अशी. पंचावन्न अंशाला तापवलेली एक तबकडी, भोवती काचेची भिंत. उंदीर त्यावर ठेवायचा. चैत्रात गच्चीवर अनवाणी गेल्यावर आपण जे करतो तेच तो करतो, पाय उचलतो, नाहीतर चाटतो. त्या क्षणी घड्याळ थांबवून त्याला उचलायचं. वीस सेकंद झाले तर काहीही असो, उचलायचंच, भाजू द्यायचं नाही. वेदना कमी करणारं औषध पोटात असेल तर उंदीर पाय उशिरा उचलतो. किती उशिरा, ते मोजायचं.

उंदरांचे तीन गट केले. एकाला मॉर्फिन, एकाला सतरावं आणि एकाला नुसतं मिठाचं पाणी. तुलनेला कोणीतरी औषधाशिवाय लागतंच. या तिसऱ्या गटाला आमच्याकडे पाणीवाले म्हणतात. कोणाला काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर मन आपल्याला हवं तेच बघतं. म्हणून मी उंदरांच्या शेपट्यांना लाल, निळा, हिरवा असे रंग लावले, बाटल्यांवरही तेच रंग चिकटवले, आणि कोणता रंग म्हणजे काय हा कागद पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवला. नाना उंदीर धरत, मयुरी सुई टोचे आणि घड्याळ बघे. दोघांनाही गट ठाऊक नव्हते.

आधी लहानसा चाचणी प्रयोग केला. पाकीट फोडलं तर पाणीवाल्यांनी पाय उचलला होता आठव्या सेकंदाला. मॉर्फिनवाले सोळापर्यंत गेले आणि सतराव्याचे पंधरापर्यंत. शिवाय मॉर्फिनवाल्यांचा श्वास मंदावला, सतराव्यांचा नाही. मयुरी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. त्या दिवशी मी कधी नव्हे ते पेढे आणले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता धुळ्याचं नाव होणार.

मग मुख्य प्रयोग सुरू झाला. नवे उंदीर, मोठे गट, चार आठवडे. आणि इथे मी एक गोष्ट केली. रंग नव्याने ठरवायला हवे होते, नवा कागद करायला हवा होता. मला कंटाळा आला. जुनाच कागद जुन्याच पाकिटात घालून चिकटवून टाकला. हिरवे म्हणजे पुन्हा पाणीवालेच. मयुरीला वाटलं, कागद नवा असणार.

त्या चार आठवड्यांत एकदा उंदीरखोलीत मुंग्या झाल्या. भिंतीवरून ओळ उतरून खालच्या फळीवरच्या पिंजऱ्यांकडे जात होती. मी नानांवर उखडले. "नाना, इथे मुंग्या कुठून आल्या? काय सांडलंय?" नाना खाली बघत म्हणाले, "काढस मॅडम," आणि त्यांनी हळदीची रेघ ओढली. किराणा दुकानात वाढलेल्या बाईला मुंग्या कशावर येतात हे कळायला हवं होतं. मला ओरडण्यापुरतंच कळलं.

चार आठवड्यांनी पाकीट फोडलं. मॉर्फिनवाले सोळा. सतराव्याचे पंधरा. आणि पाणीवाले तेरा.

आठाचे तेरा कसे झाले? पाणीवाले तेरा सेकंद उभे राहत असतील तर सतराव्यानं पंधरा करून काय मोठं केलं? फरक इतका थोडा उरला की औषध चालतं असं म्हणायची सोयच राहिली नाही. मी तबकडीचं तापमान तपासलं, ठीक होतं. घड्याळ बदलून पाहिलं, ठीक होतं. मग मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, आत्ताचे आकडे खरे असतील तर आधीचे खोटे. पहिल्या वेळी प्रयोग लहान होता, मोजणारी मयुरीच होती, कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असते हे तिला ठाऊक होतं.

"तू पाकीट उघडून पाहिलं होतंस," मी म्हणाले. विचारलं नाही, सरळ म्हणाले.

"नाही मॅडम. मी कपाटाला हात लावलेला नाही."

"मग आठ कुठून आले?"

"आठच होते, मॅडम."

एवढंच ती बोलली. रडलीसुद्धा नाही, आणि त्याचाही मला रागच आला. मी कॉलेजच्या संशोधन समितीला पत्र दिलं. आठ दिवसांनी बैठक ठरली, बाहेरचे एक तज्ज्ञ येणार होते. त्यांचं समाधान झालं नाही तर मयुरीची नोंदणी रद्द. नुसती पदवी जाणार नव्हती. आकडे बनवणारी मुलगी म्हणून नाव लागलं असतं आणि ते पुढे कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात तिच्याआधी पोचलं असतं. लीलाधरभाऊंना काय सांगायचं हा प्रश्न मला पडला नाही. आता त्याची लाज वाटते.

समितीला दाखवायला म्हणून हाताशी ठेवलेल्या चार पाणीवाल्यांचे आकडे रोज काढायला मी मयुरीला सांगितलं होतं. ती खाली मान घालून जायची, मोजायची, लिहायची. एका दुपारी तिच्या डोळ्यांतून पाणी आलंच. नानांनी विचारलं, काय झालं पोरी? ती म्हणाली, "नाना, ज्यांना नुसतं पाणी दिलं ते एवढा वेळ उभे कसे राहतात तेच कळत नाहीये. ते कळलं नाही तर मी खोटी ठरते." हे मला मागाहून तिनंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आकडे विचित्र आले. चारांपैकी दोन उंदीर तेराला, दोन आठाला. तिसऱ्या दिवशी बरोबर उलटं, कालचे आठवाले तेराला आणि तेरावाले आठाला. मयुरी वही घेऊन माझ्याकडे आली. मी वही न बघताच म्हणाले, "आता जे काय आहे ते समितीत बोल."

बैठक भरली. तज्ज्ञ मोठ्या अनुभवाचे होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी मयुरीला तेच विचारलं जे मी विचारलं होतं, फक्त जास्त सभ्यपणे. ती तेच उत्तर देत होती. तेवढ्यात दार ढकलून लोटननाना आत आले. खाकी सदरा, हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. न बोलावता नाना कधी कोणाच्या खोलीत गेलेले मी पाहिले नव्हते.

"साहेब, पोरले कसाले बोली ऱ्हायनात? चूक मनी शे."

चूक माझी आहे म्हणत त्यांनी पुडी टेबलावर उघडली. गूळ होता.

"हिरव्या शेपटीवालास्ले मी रोज गूळ दिधा. हरभराएवढा. तबकडीवर न्यायना पहिले."

तज्ज्ञांनी विचारलं, "फक्त हिरव्यांनाच का?"

"पहिला डावले मी देखं. हिरवावाला बठ्ठास्ना पहिले पाय उचलेत. समजी गऊ, यास्ले नुसतं पानी शे. बाकीनास्ले औषध शे, यास्ले काहीच नही. दुसरा डावले बी हिरवा रंग देखा, आनि माले ऱ्हावाये नही." नानांनी पुडीची कड सारखी केली आणि आपल्या वडिलांची गोष्ट काढली. "मना बाप बैलले पत्र्या ठोके. बैल आडवा पाडा का पहिले जिभवर गूळ, मंग हातोडा. ज्याले आपन दुखाडतस त्याले पहिले गोड देनं, असं त्यानी माले शिकाडं. गुळखाल घड्याळ बिघडी, हाई माले ठाऊक नव्हतं."

"आणि गुळामुळेच बिघडलं हे तुम्हाला आता कसं कळलं?"

"चार ऱ्हायनात. दोनले दिधा, दोनले नही दिधा. दुसरा रोज उलटं करं. ज्याले गूळ तो तेरा, ज्याले नही तो आठ. दोन्ही रोज. ताईले सांगं नही, नाहीतर तिनं मन फिरतं."

मी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाची रचना शिकवते. एकच गोष्ट बदला, बाकी तशीच ठेवा, मग अदलाबदल करून पुन्हा बघा, आणि मोजणाऱ्याला सांगू नका. दर वर्षी शिकवते, दर वर्षी निम्मी मुलं परीक्षेत चुकतात. चौथी शिकलेल्या माणसानं हे कोणाला न विचारता केलं होतं, आणि कशासाठी, तर आपलीच चूक पक्की करायला.

नानांनी चाव्यांचा जुडगा काढून पुडीशेजारी ठेवला. "ह्या चाव्या. पोरनं काम मोडू नका."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. रंग मी बदलले नाहीत, म्हणून नानांना ते ओळखता आले. रंग बदलले असते तर गूळ कोणाला द्यायचा हे त्यांना कळलंच नसतं. नाना बोलताना एकदा माझ्याकडे बघून गेले आणि लगेच त्यांनी नजर खाली घेतली. तज्ज्ञांचं लक्ष गुळाकडे होतं, रंग कोणी ठरवले हे त्यांनी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. अहवालात लिहिलं गेलं, परिचरानं विनापरवाना खाद्य दिल्यामुळे प्रयोग बिघडला, त्यांना ताकीद देण्यात यावी, पुढील मुदतवाढ देऊ नये. त्याखाली मी सही केली.

मयुरीवरचा आरोप गेला. प्रयोग नव्यानं करायचा ठरलं, पण नानांना दूर ठेवून. इथे मयुरी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "सर, दुसऱ्या कोणी धरलं तर उंदीर घाबरतात. घाबरलेल्या जिवाची वेदनाही बोथट होते, म्हणजे आकडे पुन्हा बिघडणार. नानाच हवेत."

"आणि पुन्हा गूळ दिला तर? भरवसा काय?"

"न विचारता ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर नाही ठेवायचा, तर मग कोणावर ठेवायचा, सर?"

तज्ज्ञांनी जुडगा उचलला आणि नानांच्या हातात परत दिला.

त्या संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या माणसाला माझा जयजिनेंद्र सांग." वीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेला तिनं पाठवलेला हा पहिला निरोप. रंगांची गोष्ट मी तिलाही सांगितली नव्हती.

नवा प्रयोग सुरू झाला. या वेळी मी रंग बदलले, शेपट्यांवर ठिपके आणि पट्टे केले, दर आठवड्याला वेगळे. नानांनी पहिल्या दिवशी ते पाहिलं. "आते रंग बदलात, मॅडम?" "हो," मी म्हणाले. "बेस करं," ते म्हणाले, आणि हात तुसावर उपडा ठेवून उंदराची वाट बघत बसले. त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हता.

खाकी सदऱ्याचा डावा खिसा त्यांनी देवपुरातल्या शिंप्याकडून वरून शिवून आणला होता. मी विचारलं तर म्हणाले, हात आपोआप खिशाकडे जातो, त्याला तरी कळू दे. आणि खरंच जायचा. प्रत्येक उंदराला तबकडीवर ठेवण्याआधी त्यांची बोटं शिवलेल्या खिशाला लागत आणि परत येत. मग ते उंदीर ठेवत आणि त्याच्याकडे बघत राहत. नजर कधी वळवली नाही. पाय उचलला की मयुरीच्याही आधी त्यांचा हात खाली गेलेला असे. प्रयोग संपल्यावर उंदरांना मारावं लागतं, त्या दिवशी नाना जेवणाचा डबा उघडत नाहीत. तेव्हाही उघडला नाही.

पाकीट फोडलं. पाणीवाले आठ. सतराव्याचे पंधरा. मयुरीचे पहिले आकडे शंभर टक्के खरे होते. तिनं आधी मला नाही, नानांना जाऊन सांगितलं, आणि ते योग्यच होतं.

मग तिनं समितीची रीतसर परवानगी काढून आणखी एक गट केला, गुळाचा. पुन्हा तेरा आले. त्यातल्या काहींना तिनं मॉर्फिनचा उतारा दिला. हा उतारा त्या ठरलेल्या जागा अडवून ठेवतो, मग मॉर्फिन चालत नाही. तो दिल्यावर गुळाचा परिणामही गेला, तेराचे पुन्हा आठ झाले. म्हणजे गोड जिभेवर आल्यावर उंदराचं शरीर आतल्या आत आपलंच अफूसारखं काहीतरी सोडत होतं आणि ते त्याच जागांवर जाऊन बसत होतं. हा शोध आमचा नव्हे, साखरेबद्दल असं इतरांनी पूर्वीच पाहिलेलं आहे. पण आमच्या खोलीत ते एका माणसानं दयेपोटी केलं होतं.

मी स्वतः उंदीरखोलीत गेले. "नाना, तुमच्या गुळानं त्यांचं दुखणं खरंच कमी होत होतं."

नाना पिंजरा पुसत होते. "ते माले माहीत व्हतं, मॅडम. त्यास्ना डोळामा दिसे."

मयुरीच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक आले होते, तेच ते तज्ज्ञही होते. सभागृह भरलं होतं. लीलाधरभाऊ पहिल्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून बसलेले. नानांची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. ते सभागृहाच्या दाराशी उभे होते, खाकी सदऱ्यात. मयुरी आत जाताना त्यांच्यापाशी थांबली आणि हसून तिनं तळवा पुढे केला.

"नाना, गूळ."

"तुले कसाले? तू पानीवाली नही शे," नाना म्हणाले. "जाय, बोल जाय."

ती आत गेली. तिच्यामागून मला जायचं होतं. सुरुवातीला मार्गदर्शकानं दोन शब्द बोलायचे असतात, विद्यार्थिनीचं कौतुक, कॉलेजचे आभार. मी रात्रीच दुसरे दोन शब्द लिहून आणले होते. रंग मी बदलले नाहीत, मुलीवर खोटा आळ मी घेतला, अहवालातली चूक नानांची नसून आधी माझी आहे, आणि त्यांना दिलेली ताकीद मागे घ्यावी. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तीनशे माणसांपुढे, मुलीच्या बापापुढे वाचायचं होतं. दारापर्यंत आले आणि पाय थांबले. हातातल्या कागदाची घडी मी उघडली, पुन्हा घातली.

जीव भ्यालाय हे नानांना सांगावं लागत नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, हात करा."

त्यांच्या खिशाची शिवण उसवलेली होती. त्यातून त्यांनी कागदाची पुडी काढली, घाई न करता उघडली आणि माझ्या तळहातावर हरभऱ्याएवढा गूळ ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि आत गेले.